दोन कढया

आमच्या घराण्याच्या गोरेपणाचे गावात मोठे कौतुक होते. लग्नाच्या बोलण्यांत ह्या रंगाचा उल्लेख शेतीवाडीच्या आधी होई, आणि तो ऐकून आमच्या आजीची मान किंचित ताठ होत असे. आईला मात्र ह्या गोरेपणाची खात्री वाटत नसे. दर रविवारी न्हाऊ घातल्यावर ती आम्हां मुलांना एकेक करून ओटीवरच्या उजेडात उभे करी, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाही, आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून जाई. त्या दिवशी माठाची भाजी हटकून लोखंडाच्या कढईत शिजे.

ही कढई तिने माहेराहून आणलेली होती. तीत केलेली पालेभाजी काळपट दिसे व तिला एक प्रकारची धातूची चव येई. आम्ही नाक मुरडले की आई म्हणे, "खा मुकाट्याने. रक्त त्यातच आहे." कढईच्या जोडीला अळिवाचे लाडू असत, गूळ-शेंगदाणे असत, काळ्या मनुका असत, आणि वर्षातून एकदा वैद्यबुवांकडून मंडूरभस्माच्या पुड्या येत. रक्त कमी म्हणजे लोह कमी, व लोह कमी म्हणजे लोह द्यावे, हे आमच्या घरचे सूत्र होते. त्याला शास्त्राधारही होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगावर स्वतंत्र अध्याय आहे व त्यात मंडुराचे आणि लोहाचे योग सांगितलेले आहेत. आजच्या डॉक्टरांचेही पहिले औषध लोहाची गोळी हेच असते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या; त्यांतल्या फार मोठ्या भागाला लोहाचीच उणीव असते. तेव्हा आईच्या सूत्राची चेष्टा करावी, असे मला आजही वाटत नाही. ते सूत्र आमच्या घराला लागू नव्हते, एवढेच. आणि हे कळावयास आम्हांला पन्नास वर्षे लागली.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. तो १९४९ साली जन्मला व १९५२ साली, चवथे वर्ष लागल्यानंतर थोड्याच दिवसांनी गेला. मी पुढच्या वर्षी जन्मलो, म्हणून मी त्याला पाहिलेले नाही; घरात त्याचे छायाचित्रही नाही. त्याच्याविषयी जे ठाऊक आहे ते मोठ्या माणसांच्या तुटक बोलण्यातून कानी पडलेले. सहा महिन्यांपर्यंत मूल गुटगुटीत होते. मग ते पांढरे पडत गेले. कपाळ पुढे आले, गालांची हाडे रुंदावली, हातपाय काटकुळे राहिले आणि डाव्या कुशीत पानथरी इतकी वाढली की पोट नगाऱ्यासारखे दिसे. आमचा गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, खाडीच्या काठी. तिथे हिवतापाची साथ दर पावसाळ्यात ठरलेली, त्यामुळे पानथरी वाढली म्हणजे हिवताप असणार, हे सर्वांनी गृहीत धरले. क्विनीन झाले, अंगारे झाले, मंडूर तर झालेच. शेवटी आजीच्या आग्रहावरून एका जाणत्याला बोलावून तापल्या विळ्याच्या टोकाने त्याच्या पोटावर डाग दिले. त्या काळी पानथरीवर हा उपाय गावोगाव चाले. ज्याला पोटात लोह देऊन गुण आला नाही, त्याच्या पोटावर लोह ठेवले गेले. हे सारे करणारी माणसे निर्दय नव्हती. आजीने त्या डागांवर रात्रभर तूप लावले होते, असे आत्या सांगत असे.

मूल गेल्यावर कारण शोधणे आले. ते आईच्या दुधात सापडले. "हिचे दूध पांढरे पाणी," असे कोणीतरी म्हणाले, आणि ते शब्द घरात राहिले. माझ्या वेळी व माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईने आम्हांला अंगावर पाजले नाही. गाईच्या दुधावर वाढविले. ह्याचे कारण मी तिला कधी विचारले नाही, व तिनेही सांगितले नाही.

मध्ये पन्नास वर्षे गेली. २००३ साली माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला. त्याच्याआधी एक मुलगी होती, ती चांगली पाच वर्षांची, धावती खेळती. हा मुलगा सहा महिन्यांचा होईपर्यंत सारे ठीक होते. मग एका रविवारी आईने आपल्या जुन्या सवयीप्रमाणे त्याला उजेडात धरले, पापणी ओढून पाहिली, आणि ह्या खेपेस ती स्वयंपाकघरात गेली नाही. तिथेच भिंतीला टेकून बसली. "हा तसाच आहे," एवढेच ती म्हणाली. 'तसाच' म्हणजे कोणासारखा, हे घरात एकट्या मला कळले.

मुंबईला तपासण्या झाल्या. रोगाचे नाव थॅलॅसेमिया. अमेरिकेत डेट्रॉइट येथे थॉमस कूली ह्या बालरोगतज्ज्ञाने १९२५ साली त्याचे पहिले स्पष्ट वर्णन केले. त्याने पाहिलेली मुले भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांची होती, म्हणून पुढे १९३२ साली समुद्र ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून रोगाला हे नाव मिळाले. नाव पडले तरी समुद्र काही त्याच्या मालकीचा झाला नाही. सहाच वर्षांनी, १९३८ साली, कलकत्त्याच्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. आणि आज आपल्याकडे शंभरांत तीन-चार माणसे ह्या दोषाची वाहक असावीत, असे मानले जाते. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत हे प्रमाण अधिक आहे. परंतु आमच्यासारख्या कोकणातल्या घरालाही ते वर्ज्य नाही.

रक्तातल्या हीमोग्लोबिनला चार साखळ्या असतात, दोन अल्फा व दोन बीटा. प्रत्येकीच्या कुशीत लोहाचा एकेक अणू असतो. बीटा साखळीचे जनुक प्रत्येकाला दोन मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. एकच सदोष असेल तर माणूस वाहक होतो: पेशी लहान राहतात, चेहरा थोडा फिकट दिसतो, पण आयुष्य पुरे जगता येते. आमच्या घराण्याचा प्रसिद्ध गोरेपणा तो हाच. दोन्ही सदोष असतील तर मात्र जन्मापूर्वीचे हीमोग्लोबिन सरल्यावर, म्हणजे पहिल्या वर्षातच, मूल पांढरे पडू लागते. मज्जा वेड्यासारखी काम करून कवटीची व चेहऱ्याची हाडे फुगविते, पानथरी वाढते, आणि बाहेरचे रक्त मिळाले नाही तर बहुधा पाचवे वर्ष दिसत नाही. वाहक आईबापांच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत ही शक्यता चारांत एक असते.

आम्हां सर्वांच्या शिरांतून रक्त काढले गेले. मी वाहक, भाऊ वाहक, आई वाहक. वडील तेव्हा हयात नव्हते, पण त्यांचा निकाल कागदाशिवायच लागला होता. त्यांनी आपल्या मामाची मुलगी केली होती. ह्या लग्नात घरातले सोने घरात राहिले, तसे हेही राहिले. भावजय मात्र कोड्यात टाकणारी ठरली. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी, १९९८ साली, तिची हीमोग्लोबिनची तपासणी झाली होती व ती निर्दोष आली होती. वाहकाच्या रक्तात ए-टू नावाचे हीमोग्लोबिन साडेतीन टक्क्यांहून अधिक असते, तिचे ३.४ होते. तिच्या अंगात लोह फार कमी होते, हेही त्याच कागदावर होते. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या, आणि फाइल मिटली.

ती मिटावयास नको होती. लोह कमी पडले की ए-टूचे प्रमाणही थोडे उतरते, आणि काठावरच्या वाहकाचा दोष त्याखाली झाकून जातो. लोह भरून आल्यावर पुन्हा पाहणे एवढेच करावयाचे असते; ते कोणाला सुचले नाही. २००३ साली पुन्हा पाहिले तेव्हा आकडा ४.४ होता. एकाच स्त्रीच्या रक्तात वारशाने आलेला एक दोष व परिस्थितीने आलेली एक उणीव शेजारी शेजारी बसली होती, व दुसरीने पहिल्याला पदराआड घेतले होते.

निकाल समजावून सांगताना त्या डॉक्टरबाईंनी एका कागदावर दोन वर्तुळे काढून आईला दाखविले. "आजी, अर्धे इकडून येते, अर्धे तिकडून. दोन्ही अर्धी एकत्र आली तरच मूल आजारी पडते." आई बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या दुधात काही नव्हतं ना रे?"

त्या वेळी ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती.

ह्यानंतर घरात लोहाचे राज्य उलटे झाले. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे चार ग्रॅम लोह असते, एखाद्या खिळ्याइतके. रोज अन्नातून एक-दोन मिलिग्रॅम आत येते व तितकेच झडलेल्या पेशींबरोबर जाते. लोहाला आत येण्यास दार आहे, पण मुद्दाम बाहेर घालविण्यास दार नाही; म्हणून शरीर आतल्या दारावरच पहारा ठेवते. यकृतातून स्रवणारे हेप्सिडिन नावाचे एक द्रव्य हा पहारा करते. त्याचा शोध २००० सालाच्या सुमाराचा. थॅलॅसेमियात मज्जा सारखी रक्त घडवीत असते व ते बिघडत असते. ही अपयशी मज्जा आणखी लोह मागते, तिच्या हाकेने हेप्सिडिन दबते, पहारा उठतो, आणि भरल्या घरात लोह येतच राहते. रक्ताला तोटा लोहाचा नसतो, घडणीचा असतो. पण शरीराला ते कळत नाही.

हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून स्वस्थ बसलो. आईने आयुष्यभर जे केले तेच आमचे यकृतही करीत होते! पांढुरका चेहरा पाहावा, व्याकूळ व्हावे, आणि लोह द्यावे. चूक अज्ञानाची होती हे खरे. पण ज्या चुकीत लाखो वर्षांचे शहाणपण असलेला देह पडतो, तीत सातवी इयत्ता शिकलेली एक बाई पडली, तर तिला काय म्हणावे?

पुतण्याला दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. एका पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमच्या वर लोह अंगात जाते; वर्षाला साडेतीन-चार ग्रॅम, म्हणजे जन्मभर पुरावयाचे ते प्रत्येक वर्षी. हे लोह यकृतात साचते, ग्रंथींत साचते, आणि हृदयात साचले तर माणूस ऐन तारुण्यात जातो. म्हणून ते बाहेर काढणारे औषध जन्माचे. प्रथम ते पोटाच्या कातडीखाली सुई खोचून, लहानशा पंपाने रात्रभर थेंबाथेंबाने द्यावे लागे. चार वर्षांचे मूल आठ-दहा तास ती सुई घेऊन झोपे. पहिल्या रात्री आई त्याच्या उशाशी बसली होती. त्या पोटाकडे पाहताना तिच्या डोळ्यांपुढे दुसरे कोणते पोट होते, हे मी जाणून होतो. पुढे पाण्यात विरघळवून घेण्याच्या गोळ्या आल्या व सुई सुटली.

युरोपात ह्याचा आणखी एक भाईबंद आहे. त्याला हीमोक्रोमॅटोसिस म्हणतात. तिथे रक्त उत्तम असते, दोष पहाऱ्यातच असतो व लोह साचत जाते. तो आनुवंशिक असावा, हे इंग्रज डॉक्टर शेल्डनने १९३५ साली मांडले व १९९६ साली त्याचे जनुक सापडले. उपाय असा की ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकावयाचे. तिकडे रक्त काढून लोह घालवितात, इकडे रक्त घालून मग लोह काढतात. ज्या घराण्यांत हे दोन्ही वारसे एकत्र येतात तिथे थॅलॅसेमियाच्या साध्या वाहकाच्याही अंगात लोह वाढू शकते. तो युरोपीय दोष आपल्याकडे क्वचित. तरी गोष्ट एकच आहे. चेहऱ्यावरून रक्त ओळखता येत नाही, व रक्तावरून लोह ओळखता येत नाही. प्रत्येकाचे स्वतंत्र मोजावे लागते.

आमच्या घरात ते अक्षरशः मोजून वाढावे लागले. भावजयीच्या अंगात लोहाची उणीव होती. तिला लोह हवे होते. तिच्याच मांडीवरच्या मुलाला ते नको होते. तेव्हापासून चुलीवर दोन कढया चढू लागल्या: आईची लोखंडाची सुनेसाठी, व नवी स्टीलची नातवासाठी. रक्तातून येणाऱ्या लोहापुढे कढईतले लोह ते काय, असे डॉक्टर हसून म्हणत. पण जाणूनबुजून भर कशाला, असेही म्हणत. चहाने अन्नातले लोह कमी शोषले जाते, म्हणून त्या चिमुरड्याला जेवणाबरोबर चहा दिला जाई, आणि शेजारणी तोंडाला पदर लावून आश्चर्य करीत. आईला सर्वांत अवघड गेले ते लाडवांचे. सगळ्या नातवंडांना अळिवाचे लाडू द्यावयाचे आणि ज्याचा चेहरा सर्वांत फिकट त्याला नाही म्हणावयाचे, हे तिच्या हाताला जमेना. शेवटी तिने अळीव करणेच सोडले व सर्वांसाठी रव्याचे लाडू वळू लागली. २०११ साली ती गेली.

आता माझ्याविषयीचे थोडे सांगितले पाहिजे; ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. २०२४ साली पुतणीचे लग्न जमू लागले. ती वाहक आहे. स्थळ चांगले होते. मी घरातला वडील, म्हणून भावाला सल्ला दिला की ही गोष्ट तूर्त बोलू नये. तिला स्वतःला काही रोग नाही. मग आपल्या तोंडाने कशाला सांगावयाचे? मुलाची तपासणी पुढे काही निमित्ताने करून घेता येईल. हे मी मायेपोटीच म्हणालो. पत्रिकांची देवघेव झाली त्या बैठकीत पुतणीने पत्रिकेखाली आपला रक्ताचा कागद ठेवला. "ह्यात आणि त्यात एकच जुळवायचे असेल तर हे जुळवा," ती शांतपणे म्हणाली. मंडळी चहा घेऊन गेली. महिनाभराने निरोप आला की योग नाही.

मी भावाला म्हणालो, "मी सांगत होतो." ते पुतणीने ऐकले. ती म्हणाली, "काका, आजीला पन्नास वर्षे कोणी सांगितले नाही, ते पुरे नाही का झाले?"

मला उत्तर सुचले नाही. माझ्या हातातही कढईच होती. मीही न मोजता माया वाढीत होतो. सायप्रसमध्ये १९७० नंतरच्या दशकांत लग्नापूर्वी अशा तपासणीची चाल पडली. तेव्हा पुष्कळ वाहकांनी आपली ठरलेली लग्ने मोडली नाहीत. ती जाणून केली, आणि गर्भाची तपासणी करून घेतली. अशी मुले जन्मण्याचे प्रमाण तिथे जवळजवळ शून्यावर आले. वाहकाने लग्न करू नये, असे हे शास्त्र कुठेही म्हणत नाही. दोघांनी आपापले रक्त जाणून घ्यावे, एवढेच म्हणते. काही दिवसांनी कानावर आले की त्या स्थळाच्या घरी धाकट्या भावंडांसह सर्वांची तपासणी झाली. आमचा कागद तिथे अगदीच वाया गेला नव्हता.

ज्या वर्षी माझा भाऊ जन्मला, त्याच १९४९ साली जे. बी. एस. हॉल्डेन ह्या शास्त्रज्ञाने एक तर्क मांडला होता. थॅलॅसेमियाच्या वाहकांच्या लहान पेशींत हिवतापाचा जंतू नीट वाढत नसावा, व म्हणूनच हा दोष हिवतापाच्या प्रदेशांत टिकून राहिला असावा. पुढे त्याला पुष्कळ पुष्टी मिळाली. हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले व १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांचा तर्क खरा धरला तर आमच्या खाडीकाठच्या कित्येक पूर्वजांना ह्याच दोषाने पावसाळ्यांतून तारले असेल, आणि त्याची किंमत एका तीन वर्षांच्या मुलाने मोजली. त्या मुलाला गावाने हिवतापाचाच रोगी मानले.

गेल्या महिन्यात मी घरची वंशावळ काढून बसलो होतो. दहा पिढ्यांची नावे आहेत, सारी पुरुषांची. बायकांची नाहीत, आणि मुंजीआधी गेलेल्या मुलांचीही नाहीत. अर्धे रक्त कोठून आले हे त्या कागदावरून कोणालाच कळले नसते. वडिलांच्या नावाशेजारी मी आईचे नाव लिहिले. माहेरचे नाव व गावही लिहिले. दोन्ही नावांखाली वाहकाची खूण केली. मग माझ्या नावाच्या डावीकडे थोडी जागा होती, तिथे भावाचे नाव घातले, आणि पुढे दोन साले: १९४९, १९५२. त्याच्यापुढे रोगाचे नाव लिहिले. त्या मुलाच्या मृत्यूचे खरे कारण आमच्या घरात प्रथमच कागदावर उतरले होते.